उजव्या रांगेतली ओल्शुफ्का

स्तेफा वासिलुकबद्दल आमच्या गावात आता फारसं कुणी बोलत नाही, आणि बोललंच तर खोटं बोलतात. म्हणून मीच सांगते. सहकारी संघाच्या अळंबी-खरेदी केंद्रावर ती तपासणीला बसायची आणि मी वजनाला. एका टेबलाच्या दोन टोकांना आम्ही इतके हंगाम काढले, की तिच्या नुसत्या खाकरण्यावरून मला कळायचं, कुणाच्या तरी टोपलीत नको ते निघालंय.

गाव पुश्चाच्या काठावर. पुश्चा म्हणजे आमचं रान. ऑगस्ट सरत आला की सगळं गाव त्यात शिरतं आणि पहिलं बर्फ पडेपर्यंत काही धड घरी येत नाही. देवळात नेमानं न जाणारी माणसंही टोपली घेऊन पहाटे झाडाखाली वाकलेली सापडतात. त्या टोपल्या मग आमच्या टेबलावर यायच्या. बोरोविक वेगळी, पिवळी कुर्का वेगळी, किडकी बादलीत, विषारी दुसऱ्या बादलीत. स्तेफाकडे सरकारी शिक्का होता. बियावस्तोकला, म्हणजे आमच्या भागातल्या मोठ्या शहरात जाऊन तिनं अळंबी ओळखण्याचा अभ्यासक्रम केला होता आणि परीक्षा दिली होती. तिनं शिक्का मारल्याशिवाय बाजारात एक अळंबं विकता यायचं नाही. घरी खायला नेणारी माणसंसुद्धा आधी तिच्यापुढे टोपली धरायची. त्याचे ती काही घेत नसे. नुसती मान हलवायची, "ने" किंवा "हे टाक" एवढंच.

हात बघायला हवे होते तिचे. हंगामात मनगटापर्यंत तपकिरी, साबणानं जायचे नाहीत असे डाग. त्यातले निम्मे ओल्शुफ्काचे. हे अळंबं आमच्याकडे आल्डर आणि बर्चच्या झाडाखाली उदंड उगवतं. मातकट रंगाची टोपी, कडा आत मुडपलेली, आणि बोट लावलं की लगेच काळपट डाग पडतो. मला पहिल्या हंगामात स्तेफानं ते शिकवलं.

"बोझेना, हे बघ. टोपीच्या खाली पापुद्रे आहेत ना?"

"आहेत."

"मग कुणीही म्हणेल, हे पापुद्रेवाल्यांतलं. आता अंगठा लाव आणि ढकल."

मी ढकललं तर पापुद्रे सालीसारखे सगळे एकदम सुटून आले.

"बोरोविकला पापुद्रे नसतात, टोपीखाली स्पंज असतो, तोही असाच सुटतो," ती म्हणाली. "पुस्तकात हिला त्यांच्याच गोतात घातलंय. रूप एकाचं, कूळ दुसऱ्याचं."

"म्हणजे तुझ्या नणंदेसारखी. रूप बाईचं, कूळ रानडुकराचं."

हसून हसून तिचा चष्मा टेबलावर पडला. तेव्हा ती हसायची.

आता आमच्याकडे ओल्शुफ्का काय होती ते सांगायला हवं. दुकानात मांसासाठी रांग लावून हात हलवत परत यायचे दिवस होते ते. ओल्शुफ्का चावायला मांसासारखी, रानात फुकट, आणि कुणी मारामारी करत नाही तिच्यासाठी. बायका ती उकळायच्या, पाणी फेकायच्या, पुन्हा उकळायच्या, पुन्हा पाणी फेकायच्या, आणि मग शेपू-लसूण घालून मिठात बरण्या भरायच्या. जे काही वाईट असेल ते पाण्याबरोबर गेलं, असं आम्ही सगळे मानायचो. शंका आलीच तर पातेल्यात सोललेला कांदा टाकायचा. कांदा काळा पडला तर विष, पांढरा राहिला तर वाढा. माझ्या आईनं मला असंच वाढवलं, तिच्या आईनं तिला.

केंद्राच्या भिंतीवर चित्रांचा एक तक्ता होता. डाव्या रांगेत खायची अळंबी, उजव्या रांगेत विषारी, वर कवटी. ओल्शुफ्का डाव्या रांगेत सगळ्यात खाली होती, 'दोनदा उकळून' असं लिहून. मग एका उन्हाळ्यात स्तेफाला बियावस्तोकला बोलावलं. ओल्शुफ्का विषारी ठरलीय, असं तिथं सांगितलं. नवा तक्ता छापून यायचा होता, तो कधी आलाच नाही. स्तेफानं दाढीच्या पात्यानं ओल्शुफ्काचं चित्र कापून काढलं आणि उजव्या रांगेत, हिरवट टोपीच्या त्या भयंकर अळंब्याच्या खाली, खळ लावून चिकटवलं. डावीकडे चौकोनी भोक राहिलं. त्यातून भिंतीचा चुना दिसायचा.

लोकांना तर आयतीच करमणूक मिळाली.

"काय गं स्तेफा, काल डावीकडे होती. रात्रीतून चालत गेली का?"

"पुढच्या वर्षी बटाटा पण उजवीकडे घाला."

"माझ्या सासूला जमलं तर उजवीकडे चिकटव."

स्तेफा चिडत नसे. समजावून सांगायची. बाकीची विषारी अळंबी एका घासात मारतात, ही तसं करत नाही. ही वर्षानुवर्षं गोड बोलून पोटात जाते, काही म्हणजे काही करत नाही. आत मात्र अंग तिची ओळख ठेवत असतं. आणि मग एखाद्या दिवशी, नेहमीचंच ताट, नेहमीचाच घास, आणि माणसाचं रक्त माणसावरच उलटतं. कुणाचं उलटेल, कधी उलटेल, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. काहींचं कधीच उलटत नाही.

"मग आम्ही त्या काहींतले," लोक म्हणायचे आणि टोपली उचलायचे.

तिनं स्वतःच्या बरण्या मात्र त्याच आठवड्यात पुरल्या. गोठ्यामागे खड्डा खणून सगळी फळी रिकामी केली. मी होते तिथं. तिचा नवरा झेनेक खिशात हात घालून बघत उभा. झेनेक लाकूडतोडीवर होता. मोठा देखणा नाही, पण हसला की समोरच्यालाही हसू यायचं असा माणूस.

"मला पुरलं असतंस तर चाललं असतं," तो म्हणाला, "पण ही लोणची, स्तेफा?"

"तुझ्यासाठीच चाललंय हे."

"बरं बाई. नाही खाणार. शब्द दिला."

आणि त्यानं शब्द पाळलाही असता, जर त्याला रेगिना नसती.

रेगिना ही झेनेकची थोरली बहीण. आई गेली तेव्हा झेनेक नुकता चालायला लागला होता. रेगिनानं त्याला कडेवर घेऊन घर सांभाळलं, गुरं सांभाळली, लग्न केलं नाही. मी तिला नावं ठेवते, ठेवणारच, पण हे खरं आहे ते खरं आहे. भावावर तिचा जीव होता. त्याला लहानपणी जे जे भरवलं त्यात हिवाळाभर ओल्शुफ्का होत्या, कारण दुसरं नव्हतंच काही. आता स्तेफा शिक्का घेऊन सांगणार की ते विष होतं. रेगिनाच्या कानाला ते असं ऐकू आलं, की तू पोराला विष घालून वाढवलंस.

दर गुरुवारी झेनेक बहिणीकडे लाकडं फोडायला जायचा आणि जेवून यायचा. काय जेवलास, हे स्तेफा विचारायची. "बटाटे," तो म्हणायचा. एका ऑक्टोबरात तो गुरुवारी संध्याकाळी कुंपणाला धरूनच घरी पोचला. पोटात कळा, ओकाऱ्या, आणि सकाळी डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा. लघवी बीटच्या पाण्यासारखी. स्तेफानं विचारलं नाही काय खाल्लंस. तिला कळलं.

रुग्णालयात तो वाचला. सुटताना डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं, की अंगानं आता या अळंब्याशी वैर धरलंय, पुढच्या खेपेला एक चमचाही पुरेल. मी गाडी घेऊन न्यायला गेले होते, दारातच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. झेनेकनं टोपी हातात फिरवत मान डोलावली.

परत आल्यावर स्तेफा थेट रेगिनाच्या दारात गेली. पंपावर पाणी भरणाऱ्या बायकांनी सगळं ऐकलं.

"परत त्याला ती घाण घातलीस तर तुझा भाऊ मरेल. डॉक्टर म्हणाला."

"डॉक्टर काल आला. झेनेकला मी वाढवलंय."

"वाढवलंस ना? मग मारू नकोस."

एवढं बोलून स्तेफा निघाली. रेगिनानं दार आपटलं आणि मग कितीतरी आठवडे दोघींनी एकमेकींचं तोंड बघितलं नाही. झेनेकला लाकडं फोडायला जायची बंदी. तो रस्त्यानं जाताना बहिणीच्या धुराड्याकडे बघत जायचा.

नाताळ जवळ आला तशी त्याची भुणभुण सुरू झाली. "ती एकटी बसेल, स्तेफा. वर्षातली एक संध्याकाळ. आमच्या आईला काय वाटेल." आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी भांडण घरात ठेवत नाहीत. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली गवत पसरतात, आणि ओप्वातेक, ती पांढरी पातळ पापडी, एकमेकांच्या हातातली मोडून खातात आणि झालं गेलं सोडून देतात. शेवटी स्तेफाच उठली, रेगिनाकडे गेली आणि म्हणाली, संध्याकाळी या. दारातूनच म्हणाली, पण म्हणाली.

त्या रात्री एक ताट अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी जास्तीचं मांडायची रीत असते. माझा नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, शेजारची एकटी बाई म्हणून त्या ताटावर दरवर्षी मीच. त्यामुळे हे सगळं मी बघितलंय, कुणाकडून ऐकलेलं नाही.

पहिला तारा दिसला आणि रेगिना आली. काळा रुमाल, आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेला मातीचा वाडगा. ओप्वातेक मोडली. रेगिनानं स्तेफाच्या गालाचा मुका घेतला, स्तेफानं घेऊ दिला. झेनेकचे डोळे भरून आले, तो ते लपवायला खिडकीशी गेला. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

बीटचं सार झालं. मासा झाला. खसखस घातलेला गहू झाला. मग रेगिनानं टॉवेल सोडला. खारवलेली अळंबी, वर बारीक कांदा आणि जवसाचं तेल. कापलेली, कालवलेली, ओळखू येऊ नयेत अशी. पण स्तेफाला कोण फसवणार? तिनं वाडग्याला हातही लावला नाही.

"रेगिना, हे उचल."

"आईच्या पद्धतीची आहेत. तीनदा उकळली. कांदा पांढरा राहिला, हवा तर आणून दाखवते."

"उचल म्हणते ना."

आता इथं आमची दुसरी रीत आडवी आली. त्या संध्याकाळी टेबलावर जे जे येईल ते प्रत्येकानं चाखायचं. न चाखलं तर येतं वर्ष अपुरं जातं, आणि वाढणाऱ्या बाईचा अपमान होतो तो वेगळाच. लहानपणी न आवडणारा हेरिंग मासा मी याच धाकानं गिळलाय.

रेगिना रडली नाही. ती म्हणाली, "माझ्या हातचं चाखायचं नसेल तर मग आत्ता ती पापडी कशाला मोडली, झेनेक? मी तुला विष घातलं असं वाटतं का तुला? सांग. तुझ्या तोंडानं सांग."

झेनेक बायकोकडे बघत होता. बिचाऱ्याला दोघींपैकी कुणालाच दुखवायचं नव्हतं. अशी माणसं फार गोड असतात आणि घराचं वाटोळं करतात.

"एकच चमचा, स्तेफा," तो म्हणाला. "सणाचा. ही वाडगा घेऊन जाईल मग."

"झेनेक, नको."

त्यानं खाल्ला. वर हसला, "छान झालंय, आईसारखं," असं म्हणाला आणि रेगिनाच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघून दुसरा चमचा घेतला. तोवर स्तेफानं वाडगा हिसकून दाराबाहेर बर्फात फेकला होता. त्याचं खापर मी सकाळी उचललं.

आम्ही नाताळचं गाणं म्हणायला लागलो तेव्हा तो पोटाशी हात धरून बसला होता. शेजारच्याचा ट्रॅक्टर काढला, गोणपाटं टाकली, स्तेफा त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. रेगिना अर्ध्या रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरमागे बर्फातून चालत आली. नवीन वर्ष लागायच्या आत झेनेक गेला.

गावानं काय म्हणावं? "मूत्रपिंडं गेली." "लाकूडतोड्याचं काम, गार जमिनीवर बसायचा." "त्याच्या बापाचंही असंच झालं होतं." बापाचं असं काहीही झालं नव्हतं, बाप घोड्याच्या लाथेनं गेला. पण ओल्शुफ्काचं नाव कुणी घेईना. प्रत्येकाच्या तळघरात तिच्या बरण्या होत्या ना.

पुढच्या हंगामात स्तेफा टेबलावर आली ती दुसरीच बाई. समजावणं बंद. टोपलीच्या तळाला पानांखाली लपवलेल्या ओल्शुफ्का ती बरोब्बर काढायची, जमिनीवर टाकायची आणि बुटाच्या टाचेनं रगडायची. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. मी वजनाकडे बघत राहायचे. पण हळूहळू काहीतरी हलायला लागलं. तरुण पोरी आधी. डोरोता म्हणून एक होती, दोन लहान मुलींची आई, ती एका दुपारी गर्दी ओसरल्यावर आली आणि खालच्या आवाजात विचारू लागली.

"स्तेफाबाई, झेनेककाका खरंच त्यानं गेले?"

"त्यानंच."

"माझी धाकटी फार आवडीनं खाते ती. मी काय करू?"

स्तेफानं तिला बसवून घेतलं. पापुद्रे सोलून दाखवले, मुडपलेली कड दाखवली, डाग कसा पडतो ते दाखवलं. डोरोतानं त्या दिवशी बरण्या फोडल्या, तिनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं जावेला. त्या शरदात रानात जागोजाग ओल्शुफ्का उभ्याच्या उभ्या कुजत होत्या. असं मी जन्मात बघितलं नव्हतं. परतताना एकदा स्तेफा थांबली, तशा कुजक्या घोळक्याकडे बघत राहिली.

"बोझेना, हे असंच राहिलं तर झेनेक अगदीच फुकट नाही गेला म्हणायचं."

वर्षभरात तिच्या तोंडून झेनेकचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिला आता जगात एवढीच एक गोष्ट हवी होती, आणि ती मिळत आली होती.

वर्षश्राद्धाची प्रार्थना रेगिनानं सांगितली होती आणि नंतरचं जेवणही तिच्याच घरी, म्हणजे झेनेकच्या आईबापाच्या घरी. मी म्हटलं, जाऊ नकोस. पाद्री म्हणाले, जायला हवं. ती गेली. अर्धं गाव होतं. आणि टेबलाच्या मधोमध, मेणबत्तीशेजारी, वाडगा. कांदा, जवसाचं तेल.

"त्याला आवडायचं म्हणून केलंय," रेगिना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

स्तेफा उभीच राहिली. "तू मारलंस त्याला आणि त्याच्याच श्राद्धाला हे मांडतेस."

"मी मारलं?" रेगिना काठीसारखी ताठ झाली. तिचा आवाज मात्र चढला नाही, तेच वाईट होतं. "तुझा डॉक्टर काय म्हणाला? वर्षानुवर्षं अंगात ओळख राहते, मग उलटतं. बरोबर? त्याला आईनं भरवली. मग मी भरवली. मग लग्न झाल्यावर तू भरवलीस, हिवाळ्यामागून हिवाळे, ताटंच्या ताटं. तुझी फळी माझ्या फळीपेक्षा मोठी होती, गावाला माहीत आहे. माझे दोन चमचे तेवढे दिसले तुला. तू वेगळं करणारी ना? मग कर वेगळं. तुझं विष इकडे ठेव, माझं तिकडे. मारायचा तो शिक्का मार."

पाद्री ताटात बघत होते. मला वाटलं स्तेफा ओरडेल, काहीतरी फेकेल. ती बाकावर बसली.

"मीही तेवढीच खाल्लीत," ती म्हणाली. "त्याच पातेल्यातली. त्याच्या शेजारी बसून."

आणि तिनं वाडगा पुढे ओढला.

तेव्हा मी एक गोष्ट पाहिली, ती दुसऱ्या कुणी पाहिली असेल नसेल. रेगिनाचा हात झटकन पुढे आला आणि वाडग्याची कड धरून तो आपल्याकडे ओढू लागला. विष नाही, विष नाही म्हणत भावाचा जीव घेतलेली बाई वाडगा ओढत होती. पण स्तेफानं तिची बोटं एकेक करून सोडवली. मीही धावले, तिचा दंड धरला, तिनं मला कोपरानं बाजूला केलं. तिनं वाडगा बुडापर्यंत खाल्ला. चमचा पुसून ताटात ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

सगळे बसून राहिले. कुणी जेवलं नाही, कुणी उठलं नाही. खिडकीबाहेर अंधारून आलं. स्तेफाच्या तोंडाकडे टक लावून बसले होते मेले, जत्रेत अस्वल बघावं तसे. तिला काही झालं नाही. ना कळ, ना ओकारी. घरी नेऊन मी तिच्या उशाशी बसले, सकाळी पापणी ओढून डोळे पाहिले. पांढरेशुभ्र.

मग मी तोंडसुख घेतलं. "अगं मूर्ख बाई, काय केलंस हे? मरायचं होतं का तुला?"

"मला कळायला हवं होतं."

"काय कळलं मग?"

"काहीच नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

खरंच तिला उत्तर हवं होतं की झेनेककडे जायचं होतं, ते मी विचारलं नाही. कुणी विचारावं?

गावाला मात्र सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानाच्या रांगेत, पंपावर, देवळाच्या पायऱ्यांवर एकच गोष्ट. स्तेफानं खाल्ली, वाडगाभर खाल्ली, शिक्केवालीनं स्वतः, आणि बघा, ठणठणीत. रेगिना ही गोष्ट सगळ्यांत जास्त सांगायची. वाडगा मी ओढत होते, एवढं मात्र ती सांगत नसे. मी सांगितलं चारचौघांत, तर लोक म्हणाले, बोझेनाची जीभ पहिल्यापासूनच तिखट.

पुढच्या शरदात ओल्शुफ्का टोपलीच्या तळाला कुणी लपवल्या नाहीत. वरच ठेवलेल्या असायच्या, ताज्या, मुडपलेल्या कडांच्या. स्तेफा त्या काढून बादलीत टाकायची. टाचेनं रगडत नव्हती आता.

सप्टेंबरात डोरोता आली. दोन्ही मुली बरोबर, धाकटी आईच्या झग्याला धरून. टोपलीत वरचा थर सगळा ओल्शुफ्काचा. स्तेफानं तिच्याकडे पाहिलं.

"तू तर बरण्या फोडल्या होत्यास."

डोरोता ओशाळली, पण टोपली मागे घेतली नाही. "दुकानात काही मिळत नाही, स्तेफाबाई. आणि तुम्ही तर वाडगाभर खाल्लीत ना."

"झेनेक मेला."

"हो. पण तुम्ही आहात ना."

मागच्या तक्त्याकडे बोट करावं म्हणून स्तेफाचा हात अर्धवट वर गेला आणि खाली आला. मग तिनं नेहमीसारखं काम केलं. बोरोविक इकडे, कुर्का तिकडे, ओल्शुफ्का एक एक करून बादलीत. डोरोता थांबली. सगळं वेचून झाल्यावर ती वाकली आणि बादलीतल्या ओल्शुफ्का तिनं पदरासारख्या धरलेल्या झग्यात परत भरून घेतल्या. धाकटीनं खाली पडलेली दोन उचलून आईला दिली.

मी ओरडले डोरोतावर, अगदी घसा बसेपर्यंत ओरडले. स्तेफानं मला गप्प केलं. "राहू दे," म्हणाली.

तो हंगाम संपला तशी तिनं शिक्का जमा केला आणि परत केंद्रावर आली नाही. तिच्या जागी आलेल्या माणसाला तक्त्यातलं ते चौकोनी भोक बरं दिसेना, म्हणून त्यानं तिथं एक रिकामा पांढरा कागद लावला. रेगिना अजून आहे. दर हिवाळ्यात ओल्शुफ्का खाते आणि तिला काही होत नाही.